जुनी बस सुरू करणे आणि बंद करणे : एका शिस्तीचा इतिहास

१/
पहाटेची पहिली एसटी फलाटावर लागण्याआधी आगारात काही मिनिटे नुसतीच घरघरत उभी असते. थंडीत कुडकुडणाऱ्या प्रवाशाला वाटते, चालक उगाच वेळ काढतो आहे. चालकाचे लक्ष मात्र समोरच्या हवेच्या काट्याकडे असते. तो काटा खुणेपर्यंत चढल्याशिवाय चाक हलत नाही. रात्री परतल्यावरही तोच प्रकार. गाडी जागेवर लागते, प्रवासी उतरून जातात, तरी इंजिन लगेच बंद होत नाही.

२/
या सवयींच्या मागे सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. त्यातले काही नियम मोडलेल्या मनगटांनी शिकवले, काही जळून गेलेल्या यंत्रांनी, आणि सर्वांत महत्त्वाचा नियम आयर्लंडमधल्या एका रेल्वे अपघातात गेलेल्या ऐंशी जीवांनी. जुनी बस सुरक्षितपणे सुरू कशी करावी आणि बंद कशी करावी, एवढाच हा प्रश्न. त्याच्या उत्तरातली प्रत्येक पायरी कुठून आली, त्याचा हा धागा.

३/
प्रश्नाचे तीन भाग पडतात. थंड, निर्जीव इंजिनाला पहिला फेरा कोणी द्यायचा? चालू झालेले इंजिन थांबवायचे कसे? आणि इंजिन थांबल्यावर कित्येक टनांची ती गाडी जागेवर धरून कोण ठेवणार? मोटारीच्या इतिहासात पहिल्या प्रश्नाची कथा पुष्कळदा सांगितली जाते. दुसरा आणि तिसरा प्रश्न अधिक अवघड होते, आणि त्यांच्याकडे लक्षही उशिरा गेले.

४/
वाफेच्या इंजिनाला पहिल्या फेऱ्याची अडचण नव्हती. बाष्पकात वाफ तयार झाली की झडप उघडायची आणि चाक फिरू लागायचे. त्यासाठी आधी बराच वेळ आग पेटवून पाणी तापवावे लागे. मोटार चालवणाऱ्याला ‘शोफर’ म्हणतात, तो शब्द याच काळाची खूण आहे. फ्रेंचमध्ये त्याचा मूळ अर्थ ‘तापवणारा’. गाडी हाकण्याआधी ती तापवणे हेच त्याचे पहिले काम होते.

५/
पेट्रोल इंजिनाची गोष्ट वेगळी. त्याच्या सिलिंडरमध्ये आधी इंधनमिश्रित हवा ओढली गेली पाहिजे, ती दाबली गेली पाहिजे, आणि मगच ठिणगी पडून स्फोट होतो. म्हणजे फिरण्यासाठी ते आधीच फिरत असावे लागते. हा तिढा सुरुवातीच्या मोटारींनी माणसाच्या दंडावर सोपवला. गाडीच्या नाकाडात लोखंडी हँडल खुपसायचे आणि जोर लावून फिरवायचे. जुन्या लोकांच्या तोंडी असलेले ‘हँडल मारणे’ ते हेच.

६/
हँडल मारण्यात ताकदीपेक्षा क्रमाला महत्त्व होते. आधी हँडब्रेक घट्ट ओढायचा. मग गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करायची, कारण गिअर लागलेला असताना इंजिन पेटले तर गाडी थेट समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येई. त्यानंतर स्टिअरिंगजवळचा ठिणगीचा खटका मागे घ्यायचा, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडेल. एवढे झाल्यावरच हँडलला हात लावायचा.

७/
ठिणगीचा खटका विसरला तर शिक्षा तत्काळ मिळे. दट्ट्या वर पोहोचण्याआधीच स्फोट होई, इंजिन उलट झटका देई आणि हँडल त्याच वेगाने हातावर परत येई. मनगटाजवळच्या हाडाचा एक विशिष्ट भाग मोडणे इतके नेहमीचे झाले की वैद्यकशास्त्रात त्या दुखापतीला ‘शोफर फ्रॅक्चर’ असे नाव पडले. हँडल गेले, तरी अस्थिरोगतज्ज्ञांच्या पुस्तकांत ते नाव अजून टिकून आहे.

८/
यातूनच एक बारीकसा नियम निघाला. हँडल धरताना अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूने गुंडाळायचा नाही, तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा. हँडल उलटले तर ते तळव्यातून निसटून जाते आणि अंगठा वाचतो. शिवाय हँडल खालून वर ओढायचे, वरून खाली दाबायचे नाही. वर ओढताना झटका बसला तर पकड आपोआप सुटते. खाली दाबताना अंगाचे वजनच हाताला त्या झटक्याच्या तोंडी देते.

९/
या हँडलपासून सुटका केली ती अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने. १९११ मध्ये त्याने विजेच्या मोटरवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि कॅडिलॅक कंपनीने १९१२ च्या गाड्यांत तो बसवला. आपल्याकडे पुढे त्यालाच ‘सेल्फ’ म्हणू लागले. केटरिंगने त्याआधी दुकानांतल्या गल्ल्याच्या यंत्रासाठी छोटी विद्युत मोटर बनवली होती. तिथला अनुभव इथे कामी आला.

१०/
तो अनुभव असा. लहान मोटर सतत चालवायची असेल, तर तिला तिच्या ताकदीपुरतेच काम देता येते. काम काही सेकंदांचेच असेल, तर तिच्याकडून कितीतरी जास्त जोर काढून घेता येतो, कारण ती जळण्याइतकी तापण्याआधीच काम संपते. इंजिनाला पहिला फेरा देणे हे नेमके असे काही सेकंदांचे काम. अवजड मोटर न लावता सेल्फ शक्य झाला तो याच हिशोबामुळे.

११/
सेल्फची मर्यादाही याच हिशोबात दडलेली आहे. इंजिन पेट घेत नाही म्हणून सेल्फ दाबूनच ठेवला, तर थोड्या वेळाच्या कामासाठी बनवलेली मोटर जळून जाते आणि बॅटरीही बसते. सेल्फ एका वेळी तीस सेकंदांहून जास्त मारू नये आणि मध्ये दोन मिनिटे थांबावे, असे जुन्या डिझेल गाड्यांच्या बाबतीत सांगितले जाते, ते यासाठी. अधीर चालकाला ही दोन मिनिटे फार मोठी वाटतात.

१२/
महाराष्ट्रात मोटारबस आली तेव्हा जगात हे संक्रमण चालू होते. मुंबईची पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. सरकारी एसटी त्यानंतर बावीस वर्षांनी आली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी निघाली. ती बेडफर्ड बनावटीची होती आणि तिचा सांगाडा लाकडी होता.

१३/
एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यात एक-दोन नव्हे, दहा बनावटींच्या गाड्या होत्या: शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कोमर आणि फियाट. ब्रिटिश, अमेरिकी आणि इटालियन कारखान्यांच्या या गाड्या एका आगारात उभ्या राहिल्या की त्यांचे खटके, बटणे आणि स्वभाव यांतला फरक चालकाला आणि मेकॅनिकला पाठ असावा लागे. एका गाडीची सवय दुसरीला लावून चालत नसे.

१४/
सर्वांत मोठा फरक पेट्रोल आणि डिझेल यांच्यात होता. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्यात ठिणगीच नव्हती. सिलिंडरमधली हवा पंधरा-वीस पट दाबली की ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. इंधनाची बचत मोठी, ताकदही दांडगी. १९३० च्या दशकात ब्रिटनमधल्या बसगाड्या मोठ्या संख्येने डिझेलकडे वळल्या.

१५/
पण पंधरा-वीस पट दाब द्यायचा, तर इंजिन फिरवायलाही तसाच जोर हवा. म्हणून काही जुन्या डिझेल इंजिनांना दाब सोडण्याचा खटका असे. तो उघडून इंजिन मोकळे फिरवायचे, वेग आला की खटका मिटायचा आणि पुढचे काम गरगरणाऱ्या जड चक्रावर सोपवायचे. मोठ्या बसमध्ये बारा व्होल्टच्या बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्टचा सेल्फ आला, तोही या जोरासाठी.

१६/
दुसरी अडचण थंडीची. सिलिंडरच्या भिंती गार असतील तर दाबलेल्या हवेची उष्णता त्या शोषून घेतात आणि इंधन पेटतच नाही. त्यावर उपाय म्हणून अनेक इंजिनांत तापणाऱ्या तारेचे प्लग बसवले गेले. टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांच्या कराराने १९५४ पासून जमशेदपुरात बनू लागलेल्या टाटा-मर्सिडीज गाड्यांचे इंजिन याच प्रकारातले. आधी प्लग तापू द्यायचे आणि मग सेल्फ मारायचा, ही शिस्त त्यांच्याबरोबर आली.

१७/
थंड मुलखात आणखी एक उपाय रूढ झाला. हवा आत ओढणाऱ्या नळीत इथर फवारायचे. इथर अतिशय लवकर पेटते, त्यामुळे हट्टी इंजिनही सुरू होते. मात्र तापलेले प्लग असलेल्या इंजिनात इथर मारले तर ते दट्ट्या वर येण्याआधीच, कधी नळीतच, भडकते. दट्ट्या आणि दांडे मोडतात, फवारणाऱ्याचा चेहरा भाजतो. दोन्ही उपाय आपापल्या जागी ठीक, एकत्र मात्र घातक. जुन्या यंत्रांचे बरेचसे धोके असेच दोन बरोबर गोष्टींच्या चुकीच्या गाठीतून येतात.

१८/
इंजिन पेटल्यावरही घाई चालत नाही. रात्रभर उभ्या गाडीतले तेल ओघळून तळाशी बसलेले असते. पंपाने ते पुन्हा वर चढवेपर्यंत बेअरिंगांना आदल्या दिवशीच्या पातळ थराचाच आधार असतो. सुरू होताच जोरात रेस देणारा चालक त्या काही सेकंदांत इंजिनाचे आयुष्य कमी करतो. म्हणून आधी तेलाच्या दाबाचा काटा पाहायचा. तो उठला नाही तर इंजिन तत्काळ बंद करायचे.

१९/
आता दुसरा प्रश्न, इंजिन बंद करण्याचा. पेट्रोल इंजिनाची वीज तोडली की ठिणगी थांबते आणि इंजिन विझते. चावी फिरवली की गाडी बंद, ही आपली समजूत तिथून आली आहे. डिझेलमध्ये तोडायला ठिणगीच नाही. जुन्या डिझेल बसची चावी काढून खिशात घातली तरी इंजिन खुशाल चालूच राहते. हवा आणि इंधन मिळत आहे तोवर त्याला विजेची गरजच नसते.

२०/
म्हणून जुन्या बसमध्ये चालकाजवळ एक वेगळा दट्ट्या असे. तो ओढला की तारेने इंधन पंपाचा दांडा बंद बाजूला सरके, फवारणी थांबे आणि इंजिन दोन-चार आचके देऊन गप्प होई. गाडी बंद होताना सगळी बस एकदा थरथरायची, तो हा क्षण. दट्ट्या इंजिन पूर्ण थांबेपर्यंत ओढून धरायचा आणि सकाळी तो परत आत ढकलायला विसरायचे नाही. विसरला, तर सेल्फ कितीही मारा, इंधनच येत नाही.

२१/
इथेही क्रम महत्त्वाचा. बॅटरीचा मुख्य खटका इंजिन चालू असताना तोडायचा नाही. वीज तयार करणारे यंत्र तेव्हा फिरत असते. त्याची वीज साठवणारी बॅटरीच बाजूला झाली की दाब एकदम उसळतो आणि नाजूक भाग जळतात. आधी दट्ट्या, इंजिन पूर्ण शांत, मग चावी, आणि सर्वांत शेवटी बॅटरीचा खटका. सकाळी हाच क्रम उलटा.

२२/
कधी डिझेल इंजिन इंधन तोडूनही थांबत नाही. झिजलेल्या सीलमधून त्याचे स्वतःचेच वंगणतेल सिलिंडरमध्ये शिरते आणि इंजिन त्या तेलावर धावू लागते. वेग वाढतो तसे तेल आणखी ओढले जाते. यंत्र फुटेपर्यंत हे चालू शकते. अशा वेळी दट्ट्या ओढून काहीच होत नाही, कारण इंधनाचा पुरवठा आता चालकाच्या हातात नसतो. उरतो तो एकच उपाय: हवा तोडणे.

२३/
जनरल मोटर्सच्या डेट्रॉइट डिझेल इंजिनांत यासाठी एक झडप होती. १९३८ मध्ये आलेली ही ‘७१’ मालिकेची दोन-फटक्यांची इंजिने अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या बसगाड्यांत अनेक दशके वापरली गेली. संकटकाळचा खटका दाबला की झडप धाडकन मिटे आणि इंजिन गुदमरून थांबे. मात्र झडप आपोआप परत उघडत नसे. मागे जाऊन, इंजिनाचे दार उघडून, ती हाताने बसवावी लागे.

२४/
ही गैरसोय एका अर्थी उपकारकच होती. झडप मिटल्यावर हवा ओढणाऱ्या पंख्याच्या सीलवर मोठा ताण येतो आणि तो खटका रोजच्या बंदीसाठी वापरला तर तीच सील फाटून तेल आत शिरू लागते. म्हणजे ज्या संकटावरचा हा उपाय, तेच संकट त्याच्या अतिवापराने ओढवते. म्हणून हा खटका संकटातच वापरायचा, आणि वापरल्यावर मागे जाऊन कारण शोधल्याशिवाय गाडी पुन्हा सुरू करायची नाही.

२५/
याच इंजिनांचा दुसरा विचित्र गुण म्हणजे ती उलटीही फिरू शकत. चढावर गिअरमध्ये असताना इंजिन बंद पडले आणि गाडी मागे घसरली, तर इंजिन उलट दिशेने पेट घेई. मग धूर हवेच्या नळीतून बाहेर पडे आणि तेलाचा पंप उलटा फिरून बेअरिंगे कोरडी पडत. ठिणगी न लागणारे कोणतेही डिझेल इंजिन गिअरमध्ये असताना धक्क्याने जागे होऊ शकते. त्यामुळे ‘गिअरमध्ये ठेवली आहे, आता हलत नाही’ हा भरवसा पुरेसा नसतो.

२६/
ग्रेहाउंड कंपनीसाठी १९५४ मध्ये आलेल्या ‘सीनिक्रूझर’सारख्या बसगाड्यांत इंजिन अगदी मागे होते. चालकाला इंजिनाजवळचा माणूस दिसत नाही, त्याची हाकही ऐकू येत नाही. कोणी पंख्यात हात घालून पट्टा तपासत असताना पुढून सेल्फ मारला, तर हात गेला. म्हणून मागे इंजिन असलेल्या अनेक बसगाड्यांत इंजिनापाशीच एक खटका बसवला गेला. तो फिरवला की पुढचा सेल्फ निकामी होई. मागे हात घालण्याआधी हा खटका फिरवायचा, हा मेकॅनिकचा पहिला धडा.

२७/
इंजिन लगेच बंद न करण्याचे कारण पुढच्या पिढीत अधिक ठळक झाले. टर्बोचार्जरचे चक्र धुराच्या झोताने मिनिटाला हजारो फेरे घेते आणि त्याचे बेअरिंग इंजिनाच्या तेलावरच तरंगत असते. घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद केले तर तेल थांबते, चक्र मात्र फिरतच राहते. तापलेल्या बेअरिंगमधले उरलेसुरले तेल करपून कोळसा होते. तीन ते पाच मिनिटे इंजिन संथ चालू ठेवण्याची रीत यासाठी. तासभर विनाकारण घरघरत ठेवणे मात्र इंधनाची नासाडी आणि धुराचा त्रास.

२८/
उरला तिसरा प्रश्न, उभी गाडी धरून ठेवण्याचा. इथे बसचा इतिहास रेल्वेकडे वळतो. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये हवेचा ब्रेक आणला. चालक हवा सोडी, ती नळीतून प्रत्येक डब्यापर्यंत जाई आणि ब्रेक लागत. त्यात एक खोट होती. नळी फुटली किंवा डबे सुटले, की हवा निघून जाई आणि ब्रेकही नाहीसा होई. म्हणजे जेव्हा तो सर्वांत जास्त हवा, तेव्हाच तो नसे.

२९/
१८७२ मध्ये वेस्टिंगहाउसने रचना उलटी केली. आता नळीत सतत दाब असे आणि तो दाब गेला की ब्रेक लागत. बिघाड झाला तर गाडी थांबेल, सुटणार नाही. तत्त्व साधे होते, पण ते सगळ्यांनी स्वीकारले नाही. ब्रिटनमधल्या अनेक रेल्वे कंपन्या वेगळ्या, स्वस्त ब्रेकवर समाधानी राहिल्या. त्याची किंमत सतरा वर्षांनी चुकवावी लागली.

३०/
१२ जून १८८९. आयर्लंडमधल्या आर्मा गावाहून रविवारच्या धर्मशाळेतली मुले आणि त्यांचे पालक यांना सहलीला नेणारी गाडी चढावर अडली. इंजिनाला भार झेपेना. गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधी वर न्यायचे ठरले. मागच्या दहा डब्यांची नळी सुटताच त्यांचा ब्रेक गेला, कारण तो आपोआप लागणारा नव्हता. उरला होता शेवटच्या डब्यातला हँडब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड.

३१/
पुढचा भाग हलवताना तो किंचित मागे आला आणि मागच्या डब्यांना धक्का बसला. त्या धक्क्याने दगड चिरडले गेले. डबे उतारावरून वेग घेत मागे गेले आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर आदळले. डब्यांची दारे बाहेरून बंद होती. ऐंशी माणसे मेली. त्यात मुले बरीच होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला.

३२/
रस्त्यावरच्या बसला हा धडा मिळायला पुष्कळ काळ लागला. जुन्या बसच्या हवेच्या ब्रेकमध्ये हवा आली तरच ब्रेक लागे. टाकी रिकामी, तर पाय कितीही दाबा, उपयोग शून्य. उभ्या गाडीचा सगळा भार तारेच्या किंवा दांड्याच्या हँडब्रेकवर. रात्रभरात सांध्यांतून हवा गळून जाते आणि ती भरणारा कंप्रेसर इंजिनावरच चालतो. सकाळी इंजिन घरघरत ठेवून चालक वाट पाहतो ती या हवेची.

३३/
पुढे स्प्रिंगचा ब्रेक आला आणि वेस्टिंगहाउसचे तत्त्व बसच्या चाकापर्यंत पोहोचले. इथे जाडजूड स्प्रिंग ब्रेक लावून ठेवते आणि हवा त्या स्प्रिंगला दाबून ब्रेक सोडते. हवा नाही, तर गाडी हलतच नाही. अमेरिकेत १९७५ मध्ये हवेच्या ब्रेकसाठी कडक नियम लागू झाले. दर चौरस इंचाला साठ पौंडांच्या आसपास दाब उतरला की तिथल्या बसमध्ये इशारा होतो. तो इशारा वाजत असताना गाडी काढणे म्हणजे आर्माचा धडा विसरणे.

३४/
जी जुनी बस स्प्रिंगच्या ब्रेकआधीची आहे, तिच्यासाठी चाकामागचा ठोकळा आजही गरजेचा आहे. आपल्या घाटांत चाकामागे दगड लावून उभी केलेली गाडी सर्वांनी पाहिली आहे. आर्मा सांगते की हा शेवटचा आधार आहे, पहिला नव्हे. आणि तो दगड काढायचा तो हवा पूर्ण भरल्यावर, ब्रेक दाबून पाहिल्यावर. आधी दगड आणि मग हवा, हा क्रम उलटा आहे.

३५/
हवेवर बसगाडीचे अंगही उभे राहू लागले. जनरल मोटर्सने १९५३ मध्ये आणलेल्या पीडी-४१०४ या बसला पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांचा आधार होता. प्रवास मऊ झाला, पण उभ्या बसमधली हवा गळली की तिचे धूड खाली बसते. खाली काम करणाऱ्या माणसाला निसटायला जागा राहत नाही. म्हणून नुसत्या फुग्यांच्या किंवा जॅकच्या भरवशावर अशा बसखाली जायचे नाही. पक्के टेकू लावायचे. सुरू करण्याआधी गाडीला फेरी मारून खाली कोणी नाही ना, हे पाहायचे, त्याचे हेही एक कारण.

३६/
आता सकाळचा क्रम सलग वाचला तर इतिहासच वाचल्यासारखा होतो. गाडीभोवती फेरी, खाली आणि मागे पाहणे. तेल, पाणी. हँडब्रेक, न्यूट्रल. बॅटरीचा खटका. बंद करण्याचा दट्ट्या आत. लागत असेल तर प्लग तापवणे. थोडा सेल्फ, मध्ये विश्रांती. तेलाचा काटा. रेस नाही. हवेचा काटा खुणेपर्यंत. ब्रेक दाबून खात्री. ठोकळे बाहेर. मगच गिअर.

३७/
रात्रीचा क्रम लहान, पण तितकाच जुना. सपाट जागा, हँडब्रेक, न्यूट्रल. चाकांना ठोकळे. तीन ते पाच मिनिटे संथ इंजिन. दट्ट्या ओढून इंजिन शांत. चावी, मग बॅटरीचा खटका. शेवटी हवेच्या टाकीतले पाणी काढणे. दाबलेल्या हवेतला ओलावा तिथे साठतो, टाकी गंजवतो आणि थंड प्रदेशात गोठून ब्रेकची नळीच बंद करतो.

३८/
आजच्या बसमध्ये यातले बरेचसे संगणक करतो. दाब नसेल तर ती हलत नाही, गिअर लागलेला असेल तर सुरू होत नाही. माणसाच्या आठवणीत असलेले नियम यंत्राच्या अंगात गेले, ही प्रगतीच आहे. धोका उरतो तो जुन्या गाडीपाशी नव्या सवयीचा माणूस उभा राहतो तेव्हा. त्याला वाटते, चुकले तर गाडीच सांगेल. जुनी गाडी सांगत नाही. तिला सुरू करणाऱ्यालाच सगळे ठाऊक असावे लागते.

३९/
म्हणून पहाटे आगारात घरघरत उभ्या असलेल्या जुन्या बसमध्ये चालक काट्याकडे पाहत शांत बसलेला दिसला, तर तो वेळ काढत नसतो. हवा भरते आहे. ती भरली की तो उतरून चाकामागचा दगड उचलेल, बाजूला ठेवेल आणि मग गाडी फलाटावर लावेल.

(धागा समाप्त)